रणगाडा चिखलात रुतलाच नाही!



गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या भिगवणच्या मुलांनी रिमोटवर चालणारा रणगाडा तयार केला. तो कसा केला, काय काय लागलं, हे विचारणारे बरेच फोन आले, म्हणून हा लेख लिहायला घेतला. पण आधीच सांगून ठेवतो, यात जोडणीची माहिती आहे, तशीच माझ्या एका चुकीच्या उत्तराचीही गोष्ट आहे. प्रश्न आठवीतल्या एका मुलीने विचारला होता. मी उत्तर दिलं. ते चुकीचं आहे हे तिनं दीड विटेनं दाखवून दिलं.

सुरुवात सहलीपासून

दिवाळीनंतर आम्ही राशीन-कर्जतमार्गे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुलांची सहल नेली होती. तिथलं रणगाडा संग्रहालय तुम्ही पाहिलं नसेल तर जरूर पाहा. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरलाच आहे आणि त्यांनी १९९४ मध्ये हे संग्रहालय उभं केलं. उघड्या बागेत रणगाडे ओळीनं उभे आहेत. ब्रिटिश, जपानी, आपला विजयंता, आणि १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन. हात लावून पाहता येतं, म्हणून मुलं तिथून हलायला तयार नव्हती.

एका मुलाने विचारलं, "सर, याला टँक का म्हणतात? टँक तर पाण्याचा असतो." आमच्या तालुक्यातल्या मुलाला हा प्रश्न पडणारच! पण गंमत म्हणजे त्याचं म्हणणं बरोबर आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ही यंत्रं गुपचूप बनवली, तेव्हा कारखान्यातल्या कामगारांना कळू नये म्हणून 'या पाण्याच्या टाक्या आहेत' असं सांगितलं. सप्टेंबर १९१६ मध्ये ती फ्रान्सच्या रणांगणावर उतरली आणि नाव मात्र टाकीचंच राहिलं.

पॅटनसमोर उभं राहून मी असल उत्तरची लढाई सांगितली. आमच्या भागातल्या मुलांना ती सांगायला मला फार आवडते, कारण त्यात ऊस आहे. सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरणजवळ. समोरून अमेरिकी बनावटीचे नवे पॅटन रणगाडे येत होते. आपल्याकडे सेंच्युरियन, दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन आणि हलके एएमएक्स-१३. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं, उभ्या उसाच्या आड रणगाडे दडवले आणि वाट पाहिली. पॅटन त्या ओल्या रानात शिरले, त्यातले काही रुतून बसले आणि टिपले गेले. अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने रणगाडे उडवले आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मी सांगत होतो आणि मुलं कान टवकारून ऐकत होती. 'रुतून बसले' हे शब्द मी जरा जोर देऊनच उच्चारले असणार. पुढे तेच माझ्या अंगाशी आले.

कन्व्हर्जन किट म्हणजे काय?

परतल्यावर मुलांनी हट्टच धरला, आपण रणगाडा करायचा. माझ्या एका मित्राच्या मुलाकडे शर्मन रणगाड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं. कपाटात ठेवायचं, शोभेचं. ते त्यानं शाळेला दिलं. त्याची चाकं हातानं फिरायची, पण स्वतःहून तो हलायचा नाही. अशा मुक्या मॉडेलला चालतं करायचं साहित्य एकत्र मिळतं, त्याला कन्व्हर्जन किट म्हणतात. पेट्रोलच्या रिक्षाला सीएनजी किट बसवतात ना, तसंच. गाडी तीच, आतली व्यवस्था बदलायची.

आमच्या किटमध्ये दोन मोटरी होत्या, प्रत्येकीला स्वतःचा गिअरबॉक्स. पट्टा ओढणारी दोन दात्यांची चाकं, मोटरींना कमीजास्त वीज देणारे दोन स्पीड कंट्रोलर, एक रिसीव्हर, बॅटरीचा डबा आणि हातातला रिमोट. प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणारा एक भागही होता. तो आम्ही बसवला नाही. एका पालकांनी मला विचारलं होतं, "सर, पोरांना युद्ध कशाला शिकवताय?" त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. तोफ नुसती दिसायला राहिली.

खर्चाबाबत एकच सल्ला देतो. सगळ्यात महाग असतो तो रिमोट आणि रिसीव्हर. तो जोड शाळेनं एकदाच चांगला घ्यावा आणि दरवर्षी वेगळ्या मॉडेलला लावावा. यंदा रणगाडा, पुढच्या वर्षी होडी. बाकीच्या मोटरी, गिअर, वायरी जुन्या खेळण्यांतूनही निघतात.

मॉडेलवर १/१६ असं लिहिलं होतं. म्हणजे खऱ्याच्या सोळावा भाग. खरा शर्मन ५.८४ मीटर लांब. सोळाने भागलं की साडेछत्तीस सेंटिमीटर. मुलांनी फूटपट्टी लावून पाहिलं, बरोबर साडेछत्तीस भरलं. हा १६ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे यानेच घोळ केला.

गिअर: खोटा वेग आणि खरा वेग

छोटी मोटर मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे मारते, पण तिच्यात जोर नसतो. बोटानं धरली तरी थांबते. गिअर लावले की फेरे कमी होतात आणि जोर वाढतो. हे प्रत्येक पुस्तकात असतं. पण किती कमी करायचे? इथे आम्ही मुलांना थेट उत्तर न देता खऱ्या रणगाड्याकडे पाठवलं. शर्मन चांगल्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास धावायचा. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. सोळाने भागा, सेकंदाला सुमारे ७० सेंटिमीटर. म्हणजे आमच्या मॉडेलने ७ मीटर अंतर १० सेकंदांत कापायला हवं. त्याहून जोरात पळालं तर ते रणगाडा वाटणार नाही, झुरळ वाटेल.

आता उलट्या दिशेनं गणित. दात्यांच्या चाकाचा व्यास ४ सेंटिमीटर, म्हणजे परीघ साडेबारा सेंटिमीटरच्या थोडा वर. सेकंदाला ७० सेंटिमीटर जायचं तर चाकाचे साडेपाच फेरे हवेत, मिनिटाला ३३०. मोटर दहा हजार, चाक ३३०, म्हणजे गिअरचं प्रमाण साधारण ३० ला १. किटमध्ये गिअरचे दोन संच होते. मुलांनी घाईत वेगाचा संच लावला होता. व्हरांड्यात खडूनं ७ मीटरची रेघ आखली, तर पठ्ठ्या चार सेकंदांत पार! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याला वर्गाच्या उंबऱ्यावर चढवायला गेले तर जागच्या जागी घुरघुरत बसला. दुसरा संच लावल्यावर वेळ लागला नऊ-साडेनऊ सेकंद, आणि उंबरा सहज चढला. प्रमाणाचा पाठ शिकवून झाल्यावर हा प्रयोग करू नका, आधी करा. मग पाठ शिकवायला फार वेळ लागत नाही.

स्टिअरिंग नसलेली गाडी वळते कशी?

रणगाड्याला वळणारी पुढची चाकं नसतात. वर्गात विचारलं, मग वळणार कसा? पहिलं उत्तर एका मुलीकडून आलं. तिचे वडील हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवायला होडी नेतात. ती म्हणाली, "एकच वल्हं मारायचं." झालं! डावं वल्हं जोरात मारलं तर होडी उजवीकडे वळते. शेतकऱ्याच्या घरातली मुलं लगेच म्हणाली की बैलगाडीचंही तसंच आहे, वळताना आतल्या बैलाचा कासरा आवळतात आणि बाहेरच्याला पुढे काढतात. मला वेगळं उदाहरण द्यायची गरजच पडली नाही.

रणगाड्यात डावा पट्टा आणि उजवा पट्टा वेगवेगळ्या वेगानं फिरतात. पण रिमोटवर आपण एकच दांडी हलवतो. पुढे ढकलली की पुढे, बाजूला झुकवली की वळण. मग त्या एका दांडीच्या हालचालीतून दोन मोटरींना दोन वेगळे हुकूम कसे मिळतात? यामागे फक्त बेरीज-वजाबाकी आहे. पुढे जाण्याचा आकडा घ्या आणि वळण्याचा आकडा घ्या. डाव्या मोटरीला दोघांची बेरीज, उजव्या मोटरीला वजाबाकी. समजा पुढे ६० आणि उजवीकडे ४०. डावी मोटर १००, उजवी २०. रणगाडा पुढे जात जात उजवीकडे वळतो. आता पुढे ० आणि वळण ५० ठेवा. डावी अधिक ५०, उजवी उणे ५०. एक पट्टा पुढे, दुसरा मागे, आणि रणगाडा जागच्या जागी गरगर फिरतो.

उणे संख्या म्हणजे काय, हे मी बावीस वर्षं थर्मामीटर आणि उधारी यांवरून शिकवत आलो. उणे ५० म्हणजे 'उलटा फिर' हे मुलांना इतक्या लवकर पटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. (जाणकारांसाठी: खरा शर्मन असा जागच्या जागी फिरू शकत नसे, पॅटन फिरायचा. आमचा शर्मन खऱ्यापेक्षा हुशार निघाला.)

रिमोटमधून हा हुकूम हवेतून जातो तो रेडिओ लहरींवर. हल्लीचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आपल्या वायफायच्याच पट्ट्यात. ठरावीक शक्तीपर्यंत त्याला परवाना लागत नाही. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणून रिसीव्हरची अँटेना म्हणजे बोटभर वायर पुरते. आपल्या लहानपणी रिमोटच्या गाड्यांना लांबलचक दांडी ओढून काढावी लागायची, कारण त्या २७ मेगाहर्ट्झवर चालायच्या आणि त्या लहरीची लांबी ११ मीटर असते. रिसीव्हर मोटरींच्या नियंत्रकाला सेकंदाला साधारण पन्नास वेळा एक छोटा विजेचा ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर 'थांब', दोन मिलिसेकंद टिकला तर 'पूर्ण पुढे', एक टिकला तर 'पूर्ण मागे'. शेजारी दुसरा रिमोट चालू असला तरी गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक रिसीव्हर आपल्याच रिमोटची सांकेतिक खूण ओळखतो.

दुरून रणगाडा चालवायची कल्पना नवी नाही. रशियाने १९३० च्या दशकातच रेडिओवर चालणारे रणगाडे बनवले आणि फिनलंडच्या लढाईत वापरले. आपल्या पुण्यातही, दिघीच्या डीआरडीओच्या संस्थेने 'दक्ष' नावाचं यंत्र केलंय. बॉम्ब असल्याचा संशय असलेल्या वस्तूकडे माणसाऐवजी ते जातं आणि जवान पाचशे मीटरपर्यंत लांब राहून ते चालवू शकतो. पण मुलांना मी सांगितलेली गोष्ट वेगळी होती. एप्रिल १९४८, नौशेरा-राजौरी रस्ता. वाटेत सुरुंग पेरलेले, वरून गोळीबार. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, मूळ कारवारजवळच्या चेंडियाचे, पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. रणगाड्याबरोबर सरपटत पुढे सरकत राहिले आणि आतल्या चालकाला दोरी ओढून खुणा करत राहिले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. ही गोष्ट ऐकल्यावर वर्गात रिमोटचं नावच 'दोरी' पडलं. "ए, दोरी दे की इकडं."

काय जळालं आणि का

पहिला स्पीड कंट्रोलर मी स्वतः जाळला. शाळेच्या खडबडीत कोब्यावर रणगाडा जागच्या जागी फिरवून दाखवत होतो. पट्ट्यांचं रबर कोब्याला घट्ट धरत होतं, मोटरी अडल्या होत्या आणि मी दांडी तशीच दाबून धरली. आधी वास आला, मग धूर. एका मुलाच्या वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. तो नाकानंच म्हणाला, "सर, जाम झालेला पंप असाच जळतो." अगदी खरं आहे. मोटर फिरत असताना कमी वीज ओढते, अडली की सगळ्यात जास्त. त्यानंतर आम्ही प्रत्येक मोटरीच्या वायरीत फ्यूज टाकला आणि 'अडला की दांडी सोड' हा नियम केला.

पट्टा निसटणे ही दुसरी डोकेदुखी. ढिला असला तर वळताना निसटतो, फार ताणला तर मोटर दमते. वरच्या बाजूला पट्टा किंचित झोळ खाऊन असावा, सायकलच्या चेनसारखा. यापेक्षा जास्त सांगता येत नाही, ते हाताला कळतं.

बॅटरीबद्दल मात्र पालकांना कळकळीनं सांगतो. लिथियमची बॅटरी हलकी आणि जोरदार असते, पण फुगलेली, टोचलेली किंवा चुकीच्या चार्जरला लावलेली पेट घेऊ शकते. मुलांच्या हातात ती देऊ नका. आम्ही रिमोटच्या सेलसारखे दिसणारे, पुन्हा चार्ज होणारे सहा निकेल सेल वापरले. वजन थोडं वाढलं, रात्री झोप लागली.

आणि मग तो प्रश्न

प्रदर्शनाला आठवडा राहिला असताना मुलांनी ठरवलं, असल उत्तरची लढाई करून दाखवायची. एका पालकांच्या उसाच्या रानात आदल्या दिवशी पाणी दिलं होतं. बांधावर सगळे जमले. रणगाडा सऱ्यांत सोडला. तो रुतणार, चाकं फिरत राहणार, मग मी दोन वाक्यं बोलणार, असा बेत होता.

रणगाडा आरामात चिखलावरून निघून गेला. मागे पट्ट्यांची नाजूक नक्षी उठली, बस्स. मागे आणला, परत नेला. रुतायचं नाव नाही. त्याला आणायला गेलेली पोरं मात्र घोट्यापर्यंत आत!

तेव्हा त्या होडीवाल्यांच्या मुलीने विचारलं, "सर, मग पॅटन कसे रुतले? ती गोष्ट खरी आहे ना?"

मी तत्परतेनं उत्तर दिलं, "अगं, आपलं मॉडेल प्लॅस्टिकचं आहे. हलकं आहे म्हणून."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. खऱ्या शर्मनचं वजन तीसेक टन. आमचं मॉडेल लांबीला सोळावा भाग, रुंदीला सोळावा, उंचीला सोळावा. म्हणजे वजन सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, ४०९६ पटीनं कमी हवं. तीस हजार किलोला ४०९६ ने भागलं की सव्वासात किलोच्या थोडं वर. मॉडेल भरलं तीन किलो. माझं म्हणणं इथपर्यंत ठीक होतं, मॉडेल खरोखर हलकं होतं. तिनं वर्गामागून एक अख्खी वीट आणि एक अर्धी वीट आणली, तराजूवर सव्वासात किलो करून घेतलं, आणि दुपारच्या सुट्टीत सगळे परत रानात.

विटा घेऊनही रणगाडा रुतला नाही. थोडा दबला, संथ झाला, पण गेला.

खरं सांगतो, त्या क्षणी मला उत्तर माहीत नव्हतं. 'चल, तास सुरू झाला' म्हणून विषय संपवता आला असता. संग्रहालयात एवढ्या रंगात येऊन सांगितलेली गोष्ट आता मुलांच्या नजरेत डळमळत होती आणि तिच्याबरोबर मीही. मी म्हणालो, "मला आत्ता सांगता येत नाही. उद्या सांगतो."

रात्री कागद घेऊन बसलो. उत्तर आठवीच्याच 'बल व दाब' या पाठात होतं, जो मी दरवर्षी शिकवतो! रुतणं वजनावर नाही, दाबावर ठरतं. दाब म्हणजे वजन भागिले टेकलेलं क्षेत्रफळ. मॉडेल सोळा पटीनं लहान केलं की वजन ४०९६ पटीनं घटतं, पण पट्ट्यांचं क्षेत्रफळ फक्त सोळा गुणिले सोळा, २५६ पटीनं घटतं. म्हणजे वजन अगदी अचूक प्रमाणात ठेवलं तरी दाब खऱ्याच्या सोळावा भागच राहतो. विटांचा उपयोग का झाला नाही, ते कळलं. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात हाच मुद्दा हाडांबद्दल मांडला होता. प्राणी मोठा झाला की त्याची हाडं नुसती त्याच प्रमाणात वाढून भागत नाही, ती जास्त जाड व्हावी लागतात.

आकडे घालून पाहा. खऱ्या शर्मनचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. (पुस्तकातल्या एककात सुमारे एक लाख पास्कल. मुलांना दोन्ही सांगावं.) आमच्या मॉडेलचे दोन्ही पट्टे मिळून १२० चौरस सेंटिमीटर टेकतात. वजन तीन किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला फक्त २५ ग्रॅम. चाळीस पट फरक! आमच्या मॉडेलला खऱ्यासारखा दाब द्यायचा तर त्याच्यावर एकूण १२० किलोच्या आसपास वजन हवं, म्हणजे सिमेंटची दोन पोती आणि वर बालवाडीतलं एक पोर. मॉडेलचा चुरा होईल.

पॅटन शर्मनच्या जवळपास दीडपट जड, पण त्याचे पट्टे जास्त रुंद, म्हणून त्याचाही दाब थोड्याफार फरकानं तेवढाच. मोटारीच्या टायरखाली याच्या दुप्पट दाब असतो, म्हणून तर रणगाडा मोटार जाईल तिथे आणि त्यापुढेही जातो. पण त्यालाही सीमा आहे.

पाट आणि ठोकळा

मॉडेल जड करता येत नाही, तर मग मुलांनाच रणगाडा करायचं ठरवलं. हा प्रयोग तुम्ही नक्की करा, याला किट लागत नाही, पैसे लागत नाहीत.

३६ किलो वजनाचा एक मुलगा घेतला. लाकडाचा एक ठोकळा, ९ सेंटिमीटर बाय ४ सेंटिमीटर, म्हणजे ३६ चौरस सेंटिमीटर. त्यावर तो एका पायावर उभा राहिला की दाब बरोबर एक किलो, म्हणजे खऱ्या रणगाड्याइतका. दुसरा आपला जेवायला बसायचा पाट, ३६ बाय ४०, म्हणजे १४४० चौरस सेंटिमीटर. त्यावर उभा राहिला की दाब २५ ग्रॅम, आमच्या मॉडेलइतका. आणि तिसरे त्याचे स्वतःचे अनवाणी पाय. ते चौकटीच्या कागदावर आखून चौकटी मोजल्या, दोन्ही मिळून २२५ चौरस सेंटिमीटर भरले. दाब १६० ग्रॅम.

मुलगा तोच, वजन तेच, चिखल तोच. पाटावर उभा राहिला तर पाटाच्या कडेचा नुसता ठसा. अनवाणी पाय तीन बोटं आत. ठोकळ्यावर मात्र दोघांनी दोन बाजूंनी धरलेलं असूनही ठोकळा दिसेनासा झाला आणि काढायला खुरपं लागलं. (धरायला दोघं हवेतच, नाहीतर पाय मुरगळेल. आणि ठोकळ्याखाली दगड नाही ना, ते आधी चाचपून घ्या.) अगदी काटेकोर म्हणाल तर हा प्रयोग तसा नाही. खऱ्या पट्ट्याचा भार रुंद असतो, तो जमिनीत खोलवर पोचतो. पण आठवीला एवढं पुरे आहे.

रानाचे मालक बांधावर उभे राहून हे सगळं पाहत होते. ते म्हणाले, "गुरुजी, एवढं कशाला? वाफसा आल्याबिगर मी ट्रॅक्टर तरी घालतो का?" माझ्या सगळ्या आकडेमोडीत जे नव्हतं ते त्यांनी सांगितलं. रणगाडा तोच, दाब तोच, पण कोरडं रान तो दाब सोसतं आणि पाणी पाजलेलं रान सोसत नाही. असल उत्तरला रान आपल्या बाजूनं लढलं ते असं. एकदा पट्टे खोल गेले की रणगाड्याचं पोट चिखलावर टेकतं, भार पोटावर येतो आणि पट्टे नुसते फिरत राहतात. पोट टेकणं मॉडेलवरही दाखवता येतं. चिखल ताकाइतका पातळ केला, खोलगट घमेल्यात घेतला, तेव्हा आमचा शर्मन एकदाचा रुतला.

प्रदर्शनात रणगाडा ठेवलाच, पण त्याच्या शेजारी पाट आणि ठोकळाही ठेवला. परीक्षक रणगाड्याजवळ कमी आणि घमेल्याजवळ जास्त वेळ थांबले. ती मुलगी समजावून सांगत होती. बक्षीस मिळालं नाही.

फेब्रुवारीत तिनं पुढचा प्रश्न आणला. रोहित पक्ष्याचं वजन तीन किलोच्या आसपास असतं, म्हणजे बरोबर आमच्या रणगाड्याएवढं. तो उजनीच्या गाळात दिवसभर उभा असतो, तेही पुष्कळदा एका पायावर, आणि रुतत नाही. त्याच्या बोटांमध्ये पडदा असतो हे तिला ठाऊक आहे, लहानपणापासून पाहतेय. पण त्याचा पाय किती चौरस सेंटिमीटर? एका रविवारी तिच्या वडिलांच्या होडीतून आम्ही पाचजण गेलो. पक्षी उठवायचे नाहीत ही त्यांची अट, म्हणून थवा आपणहून दुसरीकडे जाईपर्यंत दीड तास होडी लांब उभी होती. मग काठच्या गाळात ताजे ठसे मिळाले. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक धरून तिनं मार्करनं तीन ठसे आखून घेतले. ते आता तिच्या वहीत आहेत, चौकटीच्या कागदावर चिकटवलेले. कडेच्या अर्ध्या चौकटी धरायच्या की सोडायच्या, यावरून आठवी अ मध्ये अजून वाद चालू आहे.